रजेचा अर्ज आणि तमिळ पंचांग

मनुष्य देशांतर करतो तेव्हा भाषा, स्वयंपाक आणि देव हे तिन्ही तो थोड्याफार फरकाने आपल्याबरोबर नेऊ शकतो. परंतु वर्ष मात्र त्याला नेता येत नाही, कारण वर्ष हे ज्या भूमीवर तो उतरतो त्या भूमीच्या राजसत्तेचे असते, आणि कोणत्या दिवशी कचेऱ्या बंद राहतील, कोणत्या दिवशी शाळेची घंटा वाजणार नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही सरकारने आजवर पाहुण्याच्या हाती दिलेला नाही. तमिळ लोकांनी हा अनुभव अनेक देशांत आणि अनेक नात्यांनी घेतला आहे. डर्बनच्या आसपासच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटिये म्हणून, मलायाच्या रबराच्या रानांत मजूर म्हणून, सिंगापूरच्या पेढ्यांवर सावकार म्हणून, आखाती देशांत कामगार आणि कारकून म्हणून, आणि अमेरिकेत संगणकतज्ज्ञ म्हणून. परक्या वर्षात आपले वर्ष कसे बसवावे या कलेचा अभ्यास करावयाचा तर त्यांच्याकडेच जावे लागते.

परदेशस्थ तमिळ गृहस्थाच्या भिंतीवर दिनदर्शिका एकच टांगलेली दिसली तरी त्याच्या डोक्यात तीन चालू असतात. एक सूर्याची, जिच्यावर पोंगल आणि पुत्तांडु, म्हणजे नववर्ष, अवलंबून असतात; दुसरी चंद्र आणि नक्षत्रे यांची, जिच्यावर दीपावली आणि तैपूसम, म्हणजे तै महिन्यातला मुरुगनाचा (आपल्या कार्तिकेयाचा) उत्सव, येतात; आणि तिसरी सरकारी राजपत्राची, जिला सूर्यही ठाऊक नसतो आणि चंद्रही क्वचितच. रजेचे नियोजन म्हणजे या तिघींची सांगड. आणि ती घालताना बहुतेक लोकांची गफलत अशी होते की ते प्रथम सरकारी सुट्ट्यांची यादी हाती घेतात. माझ्या मते आरंभ सूर्यापासून केला पाहिजे.

तमिळ महिना आपल्या चैत्र-वैशाखाप्रमाणे अमावास्येला संपत नाही. सूर्य एका राशीतून दुसरीत शिरला की महिना पालटतो. संक्रांत तेवढी दरवर्षी इंग्रजी तारखेला धरून कशी येते याचे कुतूहल मराठी मुलाला कधी ना कधी वाटलेले असते. तमिळ वर्षात प्रत्येक महिन्याचा आरंभ असाच तारखेला धरून असतो. नियम असा की राशिसंक्रमण सूर्यास्तापूर्वी झाले तर तोच दिवस महिन्याचा पहिला, आणि सूर्यास्तानंतर झाले तर दुसरा दिवस. म्हणूनच तै महिन्याचा पहिला दिवस, अर्थात पोंगल, २०२२ आणि २०२५ साली १४ जानेवारीस आला, आणि २०२३ व २०२४ साली १५ जानेवारीस. चित्तिरै महिन्याचा पहिला दिवस तर सांप्रत १४ एप्रिलला जवळजवळ रुतून बसलेला आहे. नाक्षत्र वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांत काही मिनिटांचाच फरक असल्याने या तारखा सुमारे ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतात, म्हणजे एका दिवसाचा हा मागेपुढेपणा सोडला तर नोकरीच्या संपूर्ण मुदतीत त्या एकदाच हलल्या तर हलतील. एवढी शाश्वती असलेला सण असताना त्याच्या रजेचा अर्ज डिसेंबरात घाईघाईने लिहिणारा मनुष्य दैवाला दोष देतो, याला काय म्हणावे? अर्थात वाक्य पंचांग आणि तिरुक्कणित पंचांग या दोन संप्रदायांच्या गणितात थोडे अंतर असते आणि संक्रमण सूर्यास्ताच्या आगेमागे आले की वाद उपस्थित होतो; परंतु तो वाद एका दिवसाच्या पलीकडे जात नाही. चित्तिरैच्या नववर्षावर एक राजकीय संकट मात्र येऊन गेले. २००८ साली तामिळनाडूच्या सरकारने कायदा करून नववर्षाचा मान तै महिन्याला दिला, आणि २०११ साली नव्या सरकारने तो कायदा रद्द करून हा मान पुन्हा चित्तिरैला बहाल केला. त्याच १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती असल्यामुळे चेन्नईच्या कचेऱ्यांतील लोकांना दोन निमित्तांची मिळून एकच सुट्टी मिळते, ही त्यांची जुनी हळहळ आहे.

दीपावलीचे प्रकरण याहून नाजूक. उत्तरेकडची दिवाळी म्हणजे अमावास्येच्या सायंकाळचे लक्ष्मीपूजन. तमिळ दीपावली म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान. आपल्या घरांत ज्या पहाटे कारीट फोडतात त्याच पहाटे तमिळ घरांत वडीलधारी माणसे लहानांच्या डोक्यावर तिळाचे तेल घालतात; नवी वस्त्रे आणि फटाके यांचा मोठा भाग उजाडण्यापूर्वीच उरकतो, आणि दिवसभर भेटेल तो एकमेकांस विचारतो की गंगास्नान झाले का. मराठी माणसाला या दोन्ही दिवसांची ओळख असल्यामुळे त्याला यात भांडण दिसत नाही; पण ज्या देशात दिवाळीला एकच दिवस मिळावयाचा, तेथे तो दिवस कोणता, हा प्रश्न उभा राहतोच. चतुर्दशीची पहाट आणि अमावास्येची सायंकाळ कित्येक वर्षी एकाच तारखेत सामावतात, आणि मग सर्वांचे समाधान होते. २०१५ साली त्या सामावल्या नाहीत; तमिळ दीपावली १० नोव्हेंबरला झाली आणि लक्ष्मीपूजन ११ ला. २०१८ साली ६ आणि ७ नोव्हेंबर असे झाले. २०२४ साली तर मौजच झाली. न्यूयॉर्क राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात कायदा करून न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मंजूर केली, आणि त्याप्रमाणे २०२४ च्या १ नोव्हेंबरला, शुक्रवारी, शाळा बंद राहिल्या. परंतु तमिळ दीपावली होती ३१ ऑक्टोबरला. तमिळ मुलांनी पहाटे डोक्याला तेल लावून घेतले, शाळा केली, आणि त्याच संध्याकाळी हॅलोवीन असल्यामुळे शेजारच्या मुलांबरोबर सोंगे घेऊन दारोदार खाऊही मागितला असेल. सुट्टी मिळाली ती दुसऱ्या दिवशी. ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. परंतु तमिळ कुटुंबाने ज्या दिवसाची रजा काढावयाची तो दिवस सरकारी यादीत सापडत नाही, तो पंचांगातच पाहावा लागतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

आणि पंचांग कोणते? येथे एक खुबी आहे. तिथी ही साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी पालटते, पहाट मात्र प्रत्येक गावाची निराळी. चेन्नई आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असल्याने चेन्नईच्या पहाटे असलेली चतुर्दशी न्यूयॉर्कच्या त्याच तारखेच्या पहाटे असेलच असे नाही. गावाहून कोणी प्रेमाने धाडलेली शिवकाशीची छापील दिनदर्शिका किंवा मुंबईत १९७३ पासून निघणाऱ्या आणि तमिळ भाषेतही प्रसिद्ध होणाऱ्या ‘कालनिर्णय’चा अंक भिंतीला शोभा देतो, तिथी मात्र जवळच्या मंदिराने स्थानिक रेखांशावरून काढलेल्या पत्रकावरूनच घ्यावी. राहुकाळाचेही तेच. तो दिनमानाचा आठवा भाग असल्यामुळे लंडनच्या डिसेंबरात जेमतेम तासाभराचा असतो आणि जूनमध्ये दोन तासांवर जातो, हे चेन्नईतल्या तक्त्यावरून विमानाची वेळ निवडणाऱ्यांच्या ध्यानी नसते.

आता ज्या देशांनी तमिळांचे सण आपल्या राजपत्रात घातले त्यांच्याकडे वळू. सिंगापुरात तमिळ ही राज्याच्या चार अधिकृत भाषांपैकी एक आहे, आणि वर्षाच्या ११ सार्वजनिक सुट्ट्यांत दीपावलीचा समावेश आहे. तेथील मनुष्यबळ मंत्रालय पुढील वर्षाच्या सुट्ट्या बरेच आधी जाहीर करते, दीपावलीची तारीख हिंदू धर्मादाय मंडळाच्या सल्ल्याने ठरते, आणि सुट्टी रविवारी आली तर सोमवार मोकळा मिळतो. २०२३ साली १२ नोव्हेंबरच्या दीपावलीला असा सोमवार लाभला. परंतु याच नगरराज्यात एके काळी तैपूसमचीही सुट्टी होती, आणि ती १९६८ साली गेली. ब्रिटिशांनी आपले सैन्य लवकरच काढून घेण्याचे त्या वर्षी जाहीर केले होते, तळांवरच्या नोकऱ्या जाणार होत्या, आणि उद्योगधंद्यांत टिकाव धरावयाचा तर कामाचे दिवस वाढविले पाहिजेत अशा विचाराने सरकारने १६ सुट्ट्यांच्या ११ केल्या. त्या कपातीत पैगंबरजयंती गेली, ईस्टरचा सोमवार गेला, नाताळचा दुसरा दिवस गेला. तैपूसम एकटेच गेले नाही. हे ध्यानात घेतल्यावाचून त्या निर्णयास तमिळद्वेष म्हणणे न्यायाचे होणार नाही. तथापि चटका बसला तो बसलाच, आणि २०१५ साली ही मागणी पुन्हा जोराने पुढे येऊनही सरकारने ती मान्य केली नाही.

त्यामुळे सिंगापूरचा तमिळ भाविक तैपूसमला आजही रजा टाकतो किंवा झोप टाकतो. सेरांगून रस्त्यावरील श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून टँक रस्त्यावरील तेंडायुधपाणी मंदिरापर्यंत, जे चेट्टियार सावकारांनी १८५९ साली उभारले, दुधाचे कलश आणि कावड्या निघतात त्या मध्यरात्र उलटताच. रात्री कावड वाहून सकाळी कचेरीत रुजू होणारे लोक पुष्कळ आहेत. तैपूसमला चिनी नववर्षाच्या दोन सुट्ट्या जोडून सलग आठवडा साधता येईल अशी आशा नव्याने आलेल्यांना वाटते. ती फोल आहे. चिनी नववर्ष अमावास्येला सुरू होते, तैपूसम पौर्णिमेच्या आसपास पडते. दोहोंत साधारण पंधरवड्याचे अंतर राहावयाचेच. २०२४ साली तैपूसम २५ जानेवारीला आणि चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला होते. २०२५ साली आधी नववर्ष २९ जानेवारीला आणि मग तैपूसम ११ फेब्रुवारीला. ज्या देशात कायद्याने पहिल्या वर्षी किमान ७ दिवसांचीच भरपगारी रजा देय असते, तेथे तैपूसमसाठी एक दिवस निराळाच काढून ठेवावा हे बरे.

मलेशियात चित्र अधिक समृद्ध आणि अधिक गुंतागुंतीचे. तेथे सुट्ट्या काही केंद्राच्या, काही राज्यांच्या. दीपावली सारावाक वगळता सर्वत्र. तैपूसम मात्र सेलांगोर, पेनांग, पेराक, नेगेरी सेंबिलान, जोहोर यांसारख्या ठरावीक राज्यांत, आणि २००८ पासून क्वालालंपूर व पुत्रजाया येथे. ही राज्ये नकाशावर पाहावी म्हणजे मलायातील रबराच्या मळ्यांचा आणि तमिळ मजुरांच्या वसाहतींचा इतिहास आपोआप डोळ्यांपुढे येतो. सरकारी सुट्टी ही बहुधा अशी जुन्या घामाची पावती असते. क्वालालंपूरच्या उत्तरेस बाटूच्या गुहांत १८९२ पासून तैपूसमचा उत्सव चालू आहे. तेथे २७२ पायऱ्यांच्या पायथ्याशी २००६ साली मुरुगनाची ४२.७ मीटर उंचीची मूर्ती उभी राहिली, आणि उत्सवाच्या दिवशी त्या पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा मिळत नाही. खाजगी पेढीत नोकरी करणाऱ्याने मात्र राजपत्र वाचून निश्चिंत राहू नये. कायद्याने मालकाने वर्षाला किमान ११ सुट्ट्या द्यावयाच्या. त्यांतील पाच, जसे की राष्ट्रीय दिन आणि कामगार दिन, ठरलेल्या, आणि बाकीच्या मालकाने निवडावयाच्या. आपल्या पेढीच्या यादीत तैपूसम आहे की नाही हे जानेवारी उजाडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. जोहोर राज्यात आणखी एक पेच होता. तेथे २०१४ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार होती, आणि खाडीपलीकडे सिंगापुरात शनिवार-रविवार. बाप रोज पूल ओलांडून सिंगापुरास कामाला जाणारा आणि मुले जोहोरच्या शाळेत, अशा घरी सारे कुटुंब एकत्र सापडावयाचे ते शनिवारी तेवढे. २०२५ च्या १ जानेवारीपासून जोहोरनेही रविवार पत्करला.

मॉरिशसचा उल्लेख मराठी वाचकांसाठी केलाच पाहिजे. तेथे तैपूसम कावडीची सार्वजनिक सुट्टी आहे, तेलुगू लोकांच्या उगादीची आहे, आणि गणेशचतुर्थीची आहे ती एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या मराठी कुळांमुळे. कोकणातून गेलेल्यांचा गणपती आणि तमिळनाडूतून गेलेल्यांचा मुरुगन, हे दोघे भाऊ एकाच राजपत्रात बसलेले पाहून कोणालाही संतोष वाटावा.

पण राजपत्रात जागा मिळणे हा अपवाद. परदेशांतील बहुसंख्य तमिळांनी जी युक्ती योजिली ती निराळीच आहे, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे: त्यांनी राज्यकर्त्यांच्या सुट्ट्या उसन्या घेतल्या. मद्रासहून निघालेले ट्रूरो नावाचे जहाज १८६० च्या १६ नोव्हेंबरला डर्बनला लागले आणि गिरमिटियांचे पहिले पथक तेथे उतरले. मळेवाल्यांच्या लेखी या लोकांना सण नव्हते; परंतु मळेवाले ख्रिस्ती असल्यामुळे गुड फ्रायडे आणि ईस्टरला चरक थांबत. मजुरांनी तो थांबलेला काळ मारिअम्मन देवीला वाहिला. डर्बनजवळच्या इसिपिंगो येथील मारिअम्मनच्या मंदिरात आजही ईस्टरच्या सुमारासच हजारो भाविक लोटतात, आणि त्यांतील कित्येकांना हा मुहूर्त देवीचाच वाटतो. परंपरा अशाही रीतीने जन्मास येते, आणि तिच्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

कमीपणा मानावयाचा तर चेन्नईलाही मानावा लागेल. मार्गळी महिन्यातील, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालणारा चेन्नईचा संगीतोत्सव हा आज तमिळ संस्कृतीचा मुकुटमणी समजला जातो, आणि परदेशस्थ तमिळ वर्षाचे नियोजन त्याभोवती करतात. त्याचे मूळ पाहू गेल्यास ते इंग्रजी अमदानीतील नाताळच्या सुट्टीपर्यंत जाते. वकील, कारकून आणि मास्तर यांना कोर्टकचेऱ्या व शाळा बंद असल्याने मोकळीक मिळे ती नाताळातच. म्हणून राष्ट्रसभेची, म्हणजे काँग्रेसची, अधिवेशने नाताळात भरत, आणि पहिले अधिवेशनही, पुण्यास पटकीची साथ आल्यामुळे मुंबईस हलविलेले, १८८५ च्या २८ डिसेंबरलाच भरले. १९२७ साली मद्रासला भरलेल्या अधिवेशनाच्या जोडीने एक संगीत परिषद झाली, तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकादमी निघाली, आणि पुढे तिचा वार्षिक महोत्सव डिसेंबरात स्थिरावला. मार्गळीचे पावित्र्य जुनेच, भल्या पहाटेची भजने जुनीच. सभागृहातील गाण्याचा हंगाम मात्र साहेबाच्या रजेच्या दिवसांवर बेतलेला. आज लंडनचा किंवा न्यू जर्सीचा तमिळ डॉक्टर नाताळच्या शाळासुट्टीत मुलांना घेऊन चेन्नईच्या मैलापूरला येतो आणि दहा दिवसांत वीस मैफली ऐकतो, तेव्हा त्या जुन्या सुट्टीचेच चक्र पूर्ण होत असते.

अमेरिकेत या उसनवारीने शास्त्राचे रूप घेतले आहे. कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची आराधना तिरुवैयारूला पौष वद्य पंचमीस होते. क्लीव्हलंडला १९७८ पासून जी आराधना चालते, ती ईस्टरच्या सुमारास. उत्तर अमेरिकेतील तमिळ संगमांचा महासंघ, जो १९८७ साली स्थापन झाला, आपले वार्षिक संमेलन अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, म्हणजे ४ जुलैला, धरून भरवितो. आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची काही अधिवेशनेही याच दिवसांत झालेली आहेत, आणि कारण तेच. संगमांचा सार्वजनिक पोंगल जानेवारीतल्या सभागृह मिळेल त्या शनिवारी होतो. पॅरिसमधील माणिक्क विनायकर मंदिराचा रथ ऑगस्टअखेरच्या रविवारी निघतो. घरातील पोंगल मात्र १४ किंवा १५ तारखेलाच उतू जातो. धर्माचा जो भाग पहाटेचा आणि घरातला, तो तिथीला करावयाचा. जो भाग मंडळींचा आणि मिरवणुकीचा, तो रविवारी न्यावयाचा, अशी ही वाटणी कोणत्याही धर्मपीठाने ठरवून दिलेली नसताना सगळीकडे सारखीच झालेली आढळते. नवरात्रातील बाहुल्यांचा कोलू परदेशी इतका बहरला त्याचेही कारण काहीसे गणिती आहे: सलग नऊ दिवसांत निदान एक शनिवार आणि एक रविवार आल्यावाचून राहत नाही.

लग्नकार्याच्या बाबतीत मात्र ही युक्ती थकते. तमिळ समाजात आडी महिना, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि मार्गळी महिना हे दोन्ही विवाहास वर्ज्य. पाश्चात्त्य देशांतील शाळांच्या दोन दीर्घ सुट्ट्या नेमक्या याच महिन्यांवर येतात! तै उजाडला की वाटा मोकळ्या होतात अशी तमिळ म्हण आहे आणि तै महिन्यापासून लग्नांची झुंबड उडते. पण तोवर परदेशी शाळा पुन्हा सुरू झालेल्या असतात. यातून मार्ग एवढाच की अमेरिकेतील कुटुंबांनी, ज्यांच्या शाळा मेअखेर किंवा जूनमध्ये बंद होतात, आडीपूर्वीचा आनी महिना धरावा, आणि इंग्लंडमधल्यांनी, ज्यांची सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभी संपते, आडी उलटल्यानंतरचे, १७ ऑगस्टनंतरचे, दोन आठवडे गाठावे. त्या दोन आठवड्यांत मंगल कार्यालयांचे आणि विमानाचे दर काय होतात ते सांगावयास नको. लग्न ठरवू पाहणाऱ्या वधूवरांच्या पित्यांनी पत्रिकेच्या आधी शाळेचे वेळापत्रक मागवावे.

आखाती देशांत अडचण निराळ्या जातीची. संयुक्त अरब अमिरातीत रजा भरपूर, नोकरीचे वर्ष भरल्यावर ३० दिवसांची. पण सुट्ट्या बहुतेक हिजरी पंचांगाच्या, आणि ईदचा दिवस चंद्रदर्शनाने आयत्या वेळी ठरणारा. ईदच्या सुट्टीला जोडून गावी जाणाऱ्याने विमानाचे तिकीट एका दिवसावर नेमके बेतू नये. पुढेमागे दोन दिवस मोकळे ठेवावेत. साप्ताहिक सुट्टीतही तेथे फेरबदल झाले. पूर्वी शुक्रवार सुट्टीचा असल्याने वरलक्ष्मी नोन्बु, जे व्रत श्रावण पौर्णिमेपूर्वीच्या शुक्रवारी येते, तमिळ स्त्रियांना दुबईत मद्रासपेक्षाही निवांतपणे करता येत असे. २०२२ च्या १ जानेवारीपासून सरकारी कचेऱ्यांनी शनिवार-रविवार पत्करला, शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला, आणि ती सोय संपली. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी अलीकडे येते आणि ३३ वर्षांच्या आसपास सारे ऋतू फिरून येते. २०२४ साली १० एप्रिलला ईद झाली आणि तिच्या सुट्टीला लागूनच रविवारी पुत्तांडु आले. २००५ साली सिंगापूर-मलेशियात १ नोव्हेंबरला दीपावली आणि ३ नोव्हेंबरला ईद आली होती, आणि मलेशियात अशा वर्षांना, दीपावली आणि हरी राया (म्हणजे ईद) मिळून, दीपराया असे जोडनावही पडले होते.

हा सारा पसारा ध्यानात घेऊन परदेशस्थाने करावे काय? सूर्यावर ठरणाऱ्या दोन तारखांचे अर्ज रजेची वही उघडताच द्यावेत, कारण त्या दिवसांसाठी सहकाऱ्यांत चढाओढ नसते. नाताळच्या रजेसाठी ती असते, आणि मार्गळीला जाऊ इच्छिणाऱ्याने बदल्यात इतरांच्या अडीअडचणीला ईस्टरला कामावर थांबण्याची तयारी दाखवावी. इंग्लंडात कायद्याने २८ दिवसांची भरपगारी रजा मिळते, पण मालक तिच्यात बँकांच्या ८ सुट्ट्या धरू शकतो. अमेरिकेत खाजगी नोकराला एकही भरपगारी दिवस देण्याचे बंधन संघराज्याच्या कायद्यात नाही, तेव्हा तेथे करारच नीट वाचावा. पोंगलला चेन्नईच्या पलीकडे, मदुरै किंवा तिरुनेलवेलीस जावयाचे असेल तर आगगाडीचे आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० दिवसच आधी खुले होते, आणि पोंगलच्या गाड्या पाहता पाहता भरतात. विमानाचे तिकीट सहा महिने आधी घेऊन ठेवणाऱ्याने हे आरक्षण खुले होण्याची तारीख वहीत टिपून ठेवावी. पारपत्राचे काम निघालेच तर आपली वकिलात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवसही पाळते, हे विसरू नये.

राहिली पुढच्या वर्षांची गोष्ट. हिशेबाप्रमाणे २०३२ साली रमजान ईद १४ जानेवारीच्या आसपास येते आणि पोंगल १५ जानेवारीस. आखातातील तमिळांना तो पोंगल घरी साजरा करता येईल. त्याआधी २०२८ साली, २०१७ प्रमाणेच, गुड फ्रायडे १४ एप्रिललाच आहे. त्या पुत्तांडुला लंडन आणि सिंगापूर येथील तमिळांना रजेचा अर्ज करावा लागणार नाही.